पान आहे, पण सापडतं का?

मागच्या वेळी कुणीतरी विचारलं, ‘सर, तुमची व्याख्यानं गूगलवर सापडत का नाहीत?’ मग सर्च कन्सोल उघडलं. हे गूगलचंच साधन, फुकट. 2015 पर्यंत त्याला वेबमास्टर टूल्स म्हणत. साइट आपलीच आहे एवढं सिद्ध करावं लागतं. पानाचा पत्ता तपासायला टाकला, तर उत्तर आलं: पानावर ‘नोइंडेक्स’ आहे. म्हणजे ‘मला सूचीत घेऊ नका’ असं आमचंच पान गूगलला सांगत होतं! साइट तयार होताना घातलेली ती खूण काढायची राहून गेली होती. सत्ता वेगळी, ज्ञान वेगळं, हे वर्गात आयुष्यभर शिकवलं. स्वतःच्या पानाबाबत सुचलं नाही. खूण काढली, पान सूचीत घेण्याची विनंती केली. आता लोक कोणते शब्द टाकतात तेही तिथं दिसतं, 16 महिन्यांपर्यंतचं. माझं शीर्षक ‘ज्ञानमीमांसा’. लोक विचारतात ‘ज्ञान म्हणजे काय’. शीर्षकात आता दोन्ही ठेवलंय.