तेलाचा डबा आणि सोयाबीनचं पोतं

मी लातूरच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात अर्थशास्त्र शिकवते. औसा तालुक्यातली आमची कोरडवाहू जमीन भाऊ कसतो; खरिपात सोयाबीन, सोबत थोडी तूर. म्हणजे घरात तेलाचा डबा विकत येतो आणि सोयाबीनचं पोतं विकायला जातं. खाद्यतेलावरचं आयात शुल्क चढो की उतरो, आमच्या घरात कुणाला तरी त्याची झळ बसतेच.

देशाला लागणाऱ्या खाद्यतेलातलं निम्म्याहून अधिक बाहेरून येतं. पामतेल इंडोनेशिया-मलेशियातून, सोयातेल अर्जेंटिना-ब्राझीलमधून, सूर्यफुलाचं तेल मुख्यतः रशिया-युक्रेनमधून. 24 फेब्रुवारी 2022 ला युद्ध पेटलं आणि युक्रेनची बंदरं अडली. 28 एप्रिलपासून इंडोनेशियाने पामतेलाची निर्यात थांबवली. ती बंदी महिनाभरही टिकली नाही, पण बाजार हादरायला तेवढं पुरलं. 24 मे रोजी केंद्र सरकारने कच्चं सोयातेल आणि सूर्यफूल तेल वर्षाला प्रत्येकी 20 लाख टन, दोन वर्षं, शुल्क न घेता आणायला परवानगी दिली. हा निर्णय मला आजही योग्य वाटतो. रोजंदारीवर चालणाऱ्या घरात तेल महागलं की ताटातलं दुसरं काहीतरी कमी होतं.

माझी तक्रार पुढच्या काळाबद्दल आहे. 2023 मध्ये जगातले भाव कोसळले, तरी आपलं शुल्क खालीच राहिलं. 2021 च्या उन्हाळ्यानंतर लातूरच्या आडतीत सोयाबीन क्विंटलला 10,000 च्या वर गेलं होतं. 2024 च्या पावसाळ्यात ते हमीभावाखाली होतं. मग त्या सप्टेंबरात सरकारने शुल्क एकदम वाढवलं. कच्च्या तेलावरचा एकूण भार 5.5 टक्क्यांवरून 27.5 वर, शुद्ध केलेल्या तेलावरचा 13.75 वरून 35.75 वर. ऐन सणासुदीत डबा महागला. सोयाबीन मात्र 4,892 च्या हमीभावापर्यंतही पोचलं नाही.

असं का झालं, ते वर्गात मी मुलांकडून हिशेब करवून घेत सांगते. एक क्विंटल सोयाबीन गाळलं की तेल निघतं साधारण 18 किलो. उरते ती बहुतेक पेंड, व्यापाऱ्यांच्या भाषेत डीओसी. ती कोंबड्यांच्या खाद्यात जाते, परदेशातही जाते. जगात पेंड स्वस्त झाली होती आणि देशात मक्यापासून इथेनॉल काढल्यावर उरणारा चोथा खाद्यासाठी तिच्याहून स्वस्तात मिळू लागला होता. पेंडीला उठाव नसेल तर नुसत्या तेलावरच्या शुल्काने सोयाबीनला भाव येणार कुठून? ओलाव्याची अट 12 वरून 15 टक्क्यांवर आणून सरकारी खरेदी सैल केली, ते बरं झालं. पण पैशाची नड असलेल्यांनी तोवर मिळेल त्या भावाला माल घातला होता.

पुढच्या वर्षी तर तारखाच बोलक्या आहेत. 28 मे 2025 ला मंत्रिमंडळाने सोयाबीनचा हमीभाव 436 रुपयांनी वाढवून 5,328 केला. 30 मे ला कच्च्या तेलावरचं मूळ शुल्क 20 टक्क्यांवरून 10 वर आणलं. भावाने विचारलं, "ताई, यातलं धरायचं कुठलं?" पेरणी तोंडावर होती. मला नीट उत्तर देता आलं नाही.

जगातलं संकट दिल्लीला टाळता येत नाही, हे मला मान्य आहे. पण त्याला उत्तर काय द्यायचं, याचा नियम आधी ठरवता येतो. जागतिक भाव अमुक पातळीच्या वर गेला तर शुल्क इतकं, खाली आला तर इतकं, असा तक्ता दरवर्षी मे महिन्यात हमीभावासोबतच जाहीर करावा आणि काढणी होईपर्यंत तो बदलू नये. पेंडीचा विचारही त्याच टेबलावर व्हावा. आपल्या भागातले खासदार मतं मागायला येतील तेव्हा त्यांना या तक्त्याबद्दल विचारा.