शाळा सुटलेला माणूस सरकारी आकड्यांत कुठे बसतो? सिन्नरच्या दोन घरांतून समजून घेऊया

'तुम्ही काय करता?'

सरकारी पाहणीसाठी आलेल्या माणसाने हा प्रश्न विचारला की आपल्याकडे बऱ्याच घरांतून ठरलेलं उत्तर येतं, 'काही नाही, घरीच असते.' आत चुलीवर भाकरी असते, गोठ्यात गाय असते, दुपारी कांद्याच्या खुरपणीला जायचं असतं. तरी उत्तर तेच, 'काही नाही.'

शाळेत न जाणारी माणसं मग नेमकं काय करतात? ती कामाला असतात, बेकार असतात की दोन्हींत नसतात? गाव आणि शहर यांत काय फरक पडतो? आणि या मोजणीने कुणाचं काय बिघडतं? नाशिक जिल्ह्यातल्या सिन्नरच्या उदाहरणातून हे बघूया.

सिन्नरच का?

कारण एकाच तालुक्यात तीन वेगळ्या प्रकारचं काम सापडतं.

पहिलं शेतीचं. तालुक्याचा पूर्व भाग अवर्षणग्रस्त आहे. पाऊस झाला तर कांदा, मका, सोयाबीन. नाही झाला तर दुसऱ्याच्या रानात किंवा तालुक्याबाहेर मजुरी.

दुसरं कारखान्यांचं. नाशिक-पुणे महामार्गाला लागून माळेगावची एमआयडीसी आहे (हे यंत्रमागाचं मालेगाव नव्हे), आणि मुसळगावला सहकारी औद्योगिक वसाहत आहे. सकाळी पाळीच्या वेळेला या रस्त्यांवर कंपनीच्या बस आणि दुचाक्यांची रांग दिसते.

तिसरं विड्यांचं. सिन्नर हे विडी उद्योगाचं जुनं केंद्र आहे. पानं आणि तंबाखू घरी आणायची, विड्या वळायच्या, कट्टे बांधून परत द्यायचे आणि हजारी दराने पैसे घ्यायचे, हे काम इथल्या बायकांनी पिढ्यान् पिढ्या केलं. त्यासाठी शाळेचा दाखला कुणी मागितला नाही.

दोन घरं, पाच माणसं

आता दोन घरं डोळ्यांसमोर आणा. ती काल्पनिक आहेत, पण अशी घरं तुम्ही पाहिली असतील.

पहिलं घर पूर्वेकडच्या एका गावातलं. आई चाळिशीतली, शाळेची पायरी चढलेली नाही. घरच्या दोन एकरांत राबते आणि हंगामात दुसऱ्याकडे मजुरीला जाते. मुलगा १९ वर्षांचा. नववीनंतर शाळा सोडली, आता ठेकेदारामार्फत कंपनीत माल चढवतो-उतरवतो. मुलगी १७ वर्षांची. दहावी झाली, पुढचं कॉलेज लांब म्हणून घरी बसवलं. स्वयंपाक, धुणीभांडी, पाणी, जळण हे सगळं तिच्याकडे.

दुसरं घर सिन्नर शहरातलं, त्यांच्या मावशीचं. मावशी चौथी शिकलेली, घरी विड्या वळते. तिचा मुलगा २० वर्षांचा. बारावीत नापास झाला, सध्या काम शोधतोय.

पाचही जण शाळेत जात नाहीत. आता सरकारी पाहणी त्यांना कुठे बसवते ते बघा.

कोण कोणत्या खान्यात?

देशातला रोजगार मोजणारी मुख्य पाहणी म्हणजे नियतकालिक श्रमबल पाहणी, म्हणजेच पीएलएफएस. ती २०१७ पासून सुरू आहे. तिच्यात प्रत्येक माणसाला त्याच्या कामानुसार एक कोड मिळतो.

आईचा मुख्य कोड २१, म्हणजे घरच्या उद्योगात बिनपगारी मदतनीस. शेत घरचं, राबणारी ती, पण हातात पैसा नाही. हंगामातली मजुरी वर्षभरात ३० दिवस किंवा त्याहून जास्त झाली, तर ती दुय्यम काम म्हणून नोंदली जाते.

मुलाला नियमित पगार असेल तर कोड ३१. ठेकेदार गरजेप्रमाणे बोलावून रोज मोजत असेल तर ५१, म्हणजे रोजंदारी.

मुलीला कोड ९२, म्हणजे फक्त घरकाम. घरच्या वापरासाठी ती जळण, चारा गोळा करत असेल किंवा शिवणकाम करत असेल तर ९३. पण दोन्हींचा परिणाम एकच. ती 'श्रमबलाबाहेर' जाते. तिला काम आहे असंही धरत नाहीत आणि ती बेकार आहे असंही नाही.

मावशीला ११, म्हणजे स्वयंरोजगार. यावर पुढे बोलूच.

मावशीच्या मुलाला ८१, म्हणजे बेकार. काम नाही आणि काम हवंय, अशांसाठी हा कोड आहे.

म्हणजे पाचपैकी 'बेकार' फक्त एक. तोही पाच जणांत सगळ्यात जास्त शाळा पाहिलेला.

कमी शिकलेले बेकार कमी, असं कसं?

देशाचे आकडेही हेच सांगतात. २०२३-२४ च्या पीएलएफएसनुसार १५ वर्षांवरच्या निरक्षर लोकांमध्ये बेरोजगारीचा दर होता ०.२ टक्के. दहावी आणि त्यापुढे शिकलेल्यांमध्ये तो होता ६.५ टक्के.

हे वाचून 'शिकून काय उपयोग?' असं कुणीही म्हणेल. पण तो निष्कर्ष चुकीचा आहे.

बेरोजगारीचा दर लोकसंख्येवर काढत नाहीत. तो श्रमबलावर काढतात, म्हणजे जे काम करतात आणि जे काम शोधतात त्यांची बेरीज. त्या बेरजेत काम शोधणारे किती, तो हा दर.

आता 'काम शोधतोय' म्हणत चार महिने घरी बसायचं तर त्या चार महिन्यांत कुणीतरी पोसावं लागतं. ज्याच्या घरात तशी सोय आहे तो मनासारख्या कामाची वाट बघू शकतो. ज्याच्याकडे ती नाही, तो दुसऱ्या दिवशी मिळेल त्या रोजावर जातो. बेकार राहणंही परवडावं लागतं.

त्यात कामाची व्याख्याही फार सैल आहे. पाहणीच्या आठवडाभराच्या मोजणीत सात दिवसांत एखाद्या दिवशी एक तास जरी काम केलं तरी तो माणूस कामाला आहे असं धरतात. ही जगभर वापरली जाणारी पद्धत आहे, त्यात लबाडी नाही. पण त्यातून काम आहे की नाही एवढंच कळतं. त्या कामावर पोट भरतं का, हे कळत नाही.

गावात आणि शहरात काय फरक?

याच पाहणीत ग्रामीण बेरोजगारीचा दर २.५ टक्के होता, शहरी ५.१ टक्के. मग गावात कामं जास्त आहेत का?

तसं नाही. गावात शेत असतं आणि शेत कुणालाही सामावून घेतं. दोन माणसांचं काम चौघं करतात. चौघंही कामाला आहेत अशी नोंद होते, उत्पन्न मात्र दोघांपुरतंच. अर्थशास्त्रात याला छुपी बेकारी म्हणतात. शहरात हा आडोसा नसतो. मावशीच्या मुलाला 'मदत करतो' म्हणायला शेतच नाही. त्यामुळे त्याची बेकारी उघड दिसते.

बायकांच्या बाबतीत फरक आणखी मोठा आहे. १५ वर्षांवरच्या ग्रामीण स्त्रियांपैकी ४७.६ टक्के श्रमबलात होत्या, शहरात फक्त २८ टक्के. गावात घरापासून शेतापर्यंत चालत जाता येतं, लेकरू सोबत नेता येतं. शहरात कामाचं ठिकाण लांब, पाळी ठरलेली, आणि घरातलं काम तसंच मागे उभं.

विडीकामगार नक्की कोण, कामगार की मालक?

आता मावशीकडे येऊ. ती कारखान्याचा कच्चा माल घेते, त्यांनी ठरवलेल्या दराने विड्या वळते आणि त्यांनाच परत देते. दर तिच्या हातात नाही, माल तिचा नाही. तरी पाहणीत ती 'स्वयंरोजगार' या खान्यात जाते. घरी बसून, तुकड्यावर, आपल्या वेळेने काम करणाऱ्यांना या पद्धतीत तिथेच बसवतात.

पण कायदा वेगळं सांगतो. विडी व सिगार कामगारांसाठीच्या १९६६ च्या केंद्रीय कायद्याने घरी विड्या वळणाऱ्यांनाही 'कामगार' मानलं. मालकाने किंवा ठेकेदाराने कच्चा माल दिला आणि तो घरी वळला, तरी ती त्याची कामगारच. हा कायदा आता नव्या कामगार संहितांमध्ये सामावला गेला आहे. पण भविष्य निर्वाह निधी आणि ओळखपत्र मागण्याचा विडीकामगारांचा हक्क उभा राहिला तो या एका शब्दावर.

म्हणजे कायद्याच्या कागदावर कामगार आणि आकड्यांच्या कागदावर जणू स्वतःच्या धंद्याची मालकीण. २०२३-२४ मध्ये देशातल्या काम करणाऱ्यांपैकी ५८.४ टक्के स्वयंरोजगारात होते. हा आकडा 'लोक उद्योजक होत आहेत' म्हणून सांगितला जातो, तेव्हा त्यात दुकानदार आणि शेतकऱ्यांसोबत ही मावशी आणि ती बिनपगारी आईसुद्धा आहे, हे लक्षात ठेवायला हवं.

सगळ्यात कमी दिसणारी मुलगी

पाच जणांत सगळ्यात जास्त नुकसान कुणाचं? दहावीनंतर घरी बसलेल्या त्या मुलीचं.

शिक्षणहक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला, पण तो ६ ते १४ वयासाठी आहे. १४ नंतर शाळेत ठेवण्याची कायदेशीर हमी संपते. 'असर २०२३' या पाहणीने २८ ग्रामीण जिल्ह्यांतल्या १४ ते १८ वयाच्या मुलांकडे पाहिलं. महाराष्ट्रातून त्यात नंदुरबार होतं. १४ वर्षांच्या मुलांपैकी ३.९ टक्के कुठेच नाव दाखल नसलेली होती. १८ व्या वर्षी हेच प्रमाण ३२.६ टक्क्यांवर गेलं. म्हणजे गळती होते ती या चार वर्षांत.

गळालेली मुलं बहुतेक कामाला लागतात आणि आकड्यांत दिसतात. मुली दिसत नाहीत. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या २०२४ च्या भारत रोजगार अहवालानुसार २०२२ मध्ये शिक्षणात नाहीत, कामात नाहीत आणि प्रशिक्षणातही नाहीत अशा तरुणींचं प्रमाण ४८.४ टक्के होतं. तरुणांमध्ये ते ९.८ टक्के होतं.

ही मुलगी बेरोजगारीच्या दरात येत नाही. त्यामुळे दर कमी झाला म्हणून आनंद व्यक्त होतो, तेव्हाही ती जिथे होती तिथेच असते. आणि जी मोजली जात नाही, तिच्यासाठी सकाळची एसटी किंवा जवळचं प्रशिक्षण केंद्र मागताना हातात दाखवायला आकडा नसतो.

परतीचा रस्ता आहे का?

आहे, आणि तो बऱ्याच घरांना माहीत नसतो.

दहावी-बारावी राहिली असेल तर राज्य मंडळाचा '१७ नंबरचा फॉर्म' भरून बाहेरून परीक्षा देता येते. शाळा त्याआधीच सुटली असेल तर राज्याच्या मुक्त विद्यालय मंडळाच्या पाचवी आणि आठवी स्तरावरच्या परीक्षा आहेत.

आयटीआयमध्ये सगळ्याच अभ्यासक्रमांना दहावी पास लागत नाही. काही अभ्यासक्रमांना दहावी नापास झालेल्यांनाही प्रवेश मिळतो. सिन्नरमध्येच शासकीय आयटीआय आहे. बारावीनंतर काम करत शिकायचं असेल तर यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाचं मुख्यालय नाशिकलाच आहे.

जे आजच कामावर आहेत त्यांनी ई-श्रम नोंदणी तपासावी. असंघटित कामगारांसाठीचं हे पोर्टल ऑगस्ट २०२१ मध्ये सुरू झालं. वय १६ ते ५९ लागतं, शिक्षणाची अट नाही. आई आणि मावशी दोघीही त्यात बसतात.

आणि लक्षात ठेवा, १४ वर्षांखालच्या मुलाला कामाला लावणं हा गुन्हा आहे. २०१६ च्या दुरुस्तीने घरच्या धोका नसलेल्या उद्योगात मदतीची सूट दिली, पण तीही शाळा सुटल्यावर किंवा सुट्टीतच.

दारावर कुणी आलं तर

पीएलएफएसमधून तालुक्याचा आकडा मिळत नाही. सिन्नरच्या एखाद्या गावात किती माणसं कामाला आहेत हे जनगणनेतूनच कळतं, आणि शेवटची जनगणना झाली २०११ मध्ये. तेव्हा शाळा सोडलेला १५ वर्षांचा मुलगा आज तिशीत आहे.

पुढच्या जनगणनेची संदर्भ तारीख १ मार्च २०२७ आहे. तेव्हा तुमच्या दारावरही कुणीतरी वही किंवा मोबाइल घेऊन येईल आणि विचारेल, 'काय काम करता?'

घरच्या शेतात बिनपगारी राबणंही जनगणनेत कामच धरलं जातं. डेअरीला दूध घालणं, घरी विड्या वळणं, वर्षातले दोनच महिने मजुरीला जाणं, हेही कामच. घरातल्या बाईच्या वतीने दुसऱ्या कुणी उत्तर देण्याऐवजी तिलाच पुढे येऊ द्या. आणि तिनेही 'काही नाही' म्हणण्याआधी सकाळपासून काय काय केलं ते एकदा आठवून सांगावं.