दुसरी नोकरी सोडून घराला वेळ द्यायचाय? आधी वहीत हा हिशोब मांडा

चाकण, रांजणगाव, कुरकुंभ, बारामती या एमआयडीसींच्या आजूबाजूच्या गावांत दोन-दोन कामं करणारी माणसं आता घरोघरी दिसतात. दिवसा कंपनी आणि रात्री पेट्रोल पंप किंवा सिक्युरिटी. सकाळी शाळेची गाडी आणि दुपारनंतर दुकान. सुरुवात बहुतेक वेळा एखाद्या कर्जापासून होते. बहिणीचं लग्न, बोअर, ट्रॅक्टरचा हप्ता, पोरांची फी. पुढे कर्ज फिटतं, पण दुसरं काम काही सुटत नाही. पोरं उठायच्या आत बाप घराबाहेर आणि ती झोपल्यावर घरात, असं वर्षानुवर्षं चालत राहतं.

सोडावं असं मनात येतं, पण "एवढे पैसे कुठून आणायचे?" या प्रश्नावर गाडी अडते. त्यामुळे 'एवढे' म्हणजे नेमके किती, हे आधी पाहायला हवं.

हातात खरंच किती उरतं?

एक उदाहरण घेऊ. समजा, एकाला कंपनीत १८,००० रुपये पगार आहे. रात्री ७ ते १२ पंपावर काम करून त्याला ९,००० मिळतात. पंप गावापासून १८ किलोमीटर. महिन्याला २६ दिवस. आता खर्च पाहू:

- पेट्रोल: रोज ३६ किलोमीटर, म्हणजे महिन्याला ९३६. गाडीला ५० चं अ‍ॅव्हरेज आणि लिटरला १०४ रुपये धरले तर साधारण १,९४७ रुपये.
- चहा, वडापाव: रोज ४० प्रमाणे १,०४० रुपये.
- गाडीचं ऑइल, टायर, किरकोळ काम: ३०० रुपये.
- स्वतःला वेळ नाही म्हणून उसाला दारं धरायला, फवारणीला लावलेला मजूर: महिन्याला ४ दिवस, ५०० प्रमाणे २,००० रुपये.

एकूण खर्च ५,२८७ रुपये. म्हणजे ९,००० तले उरले ३,७१३.

त्यासाठी वेळ किती गेला? रोज ५ तास काम आणि १ तास जाणं-येणं. महिन्याचे १५६ तास. भागाकार केला तर तासाला २४ रुपयेसुद्धा पडत नाहीत. प्रत्येकाचे आकडे वेगळे असतील. काम गावातच असेल तर हिशोब याच्या उलटही येईल. म्हणून महिनाभर रोजचा खर्च वहीत लिहून ठेवावा आणि मगच ठरवावं.

तेवढे पैसे दुसरीकडून येतील का?

या घराला काम सोडल्यावर खड्डा पडतो तो ३,७१३ रुपयांचा, ९,००० चा नाही. तो भरायचा पहिला मार्ग पहिल्याच नोकरीत सापडू शकतो.

कारखान्यात आठवड्याला ४८ तासांच्या वर काम झालं तर त्या जादा तासांना दुप्पट दराने मजुरी द्यावी लागते, असा कायदा आहे. कंत्राटी कामगारांनाही तो लागू आहे. १८,००० पगारात २६ दिवसांचे २०८ तास धरले तर तासाला साधारण ८६ रुपये पडतात, दुप्पट दराने १७३. म्हणजे महिन्याला २२ तास ओव्हरटाइम मिळाला तर ३,८०० रुपये होतात. पंपावरच्या १५६ तासांतून उरतात त्यापेक्षा थोडे जास्तच.

मजूर बंद करून ४ दिवसांचं शेतकाम स्वतः करायचं म्हटलं तर ३२ तास जातील. ओव्हरटाइमचे २२ आणि शेतीचे ३२ वजा केले तरी १०२ तास घरासाठी मोकळे होतात. रोजचे जवळपास चार.

प्रत्येक कंपनी ओव्हरटाइम देतेच असं नाही. काही ठिकाणी काम करून घेतात आणि पैसे सिंगल दराने देतात. अशा वेळी हजेरीची नोंद आणि पगाराची स्लिप जपून ठेवावी. कामगार आयुक्त कार्यालयात तक्रार करता येते.

आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी. एका कारखान्यातली शिफ्ट संपवून लगेच दुसऱ्या कारखान्यात उभं राहायला १९४८ च्या कारखाना कायद्यापासून मनाई आहे. दोन्ही कामं कारखान्यातली असतील तर अपघात झाल्यावर हा मुद्दा अडचणीचा ठरू शकतो.

तीन महिने चाचणी

राजीनामा देण्याआधी तीन महिने घर पहिल्या पगारातच चालवून बघावं. दुसऱ्या कामातून खर्च जाऊन उरलेले पैसे वेगळ्या खात्यात टाकावेत आणि तिकडे बघू नये. शाळा सुरू होण्याचा किंवा दिवाळीचा महिना या तिनांत आला तर उत्तम, कारण खरी ओढाताण तेव्हाच कळते. तीन महिने खात्याला हात लागला नाही तर काम सोडता येईल. वरच्या उदाहरणातल्या घराकडे तोवर अकरा हजारांच्या वर शिल्लक पडलेली असेल.

कधी थांबावं?

डोक्यावर सावकाराचं किंवा जास्त व्याजाचं कर्ज असेल तर आधी ते उरकावं. सावकाराकडे परवाना नसेल तर तालुक्याच्या सहायक निबंधक, सहकारी संस्था यांच्याकडे तक्रार करता येते. पीककर्ज मात्र मुदतीत भरलं तर डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजनेत ३ लाखांपर्यंत व्याज पडत नाही. तेवढ्यासाठी रात्री जागायची गरज आहे का, हे सोसायटीच्या सचिवाकडे बसून पाहावं.

सोडताना कागद पक्के करा

नोटीस लेखी द्यावी आणि तिची पोच घ्यावी. राहिलेला पगार आणि अनुभवाचा दाखला मागून घ्यावा. तिथे पीएफ कापला जात असेल तर यूएएन दोन्ही कामांना एकच असायला हवा. मालकाने काम सोडल्याची तारीख टाकली नाही, तर शेवटचा हप्ता जमा झाल्यापासून दोन महिन्यांनी ती कामगाराला पीएफच्या पोर्टलवर आधार ओटीपीने स्वतः टाकता येते. त्यानंतर ती रक्कम चालू खात्यात वळवून घ्यावी.

मोकळा वेळ कुणाचा?

हा वेळ आधीच ठरवला नाही तर तो मोबाईल आणि पारावर जातो. घरच्या कारभारणीला विचारावं, कारण इतकी वर्षं पोरांचा अभ्यास, म्हाताऱ्यांचं औषधपाणी आणि गोठा तिनेच सांभाळलेला असतो. तिच्याकडची दोन कामं कायमची आपल्याकडे घ्यावीत. उदाहरणार्थ, संध्याकाळची धार आणि पोरांची वही. बाई स्वतः दोन कामं करत असेल, दिवसा पॅकिंगला आणि रात्री शिलाईला, तरी हिशोब हाच. फक्त तिच्या बाबतीत घरकामाचे तासही वहीत लिहायला विसरू नये.