ग्रामसभेत चित्रफीत दाखविण्यापूर्वी

पाणलोट क्षेत्र विकास, लसीकरण, पीक संरक्षण अशा विषयांवरील चित्रफिती ग्रामसभेत व शाळेत दाखविणे, हे लोकशिक्षणाचे प्रभावी साधन होय. जेथे इंटरनेटचा भरवसा नाही, तेथे चित्रफीत संगणकावरून मीडिया प्लेअर, टॅब किंवा पेन ड्राइव्हवर उतरवून नेणे श्रेयस्कर ठरते. परंतु लोक जमावेत आणि पडद्यावर फाइल चालू नये, असा प्रसंग ओढवू शकतो. पांगलेली सभा पुन्हा भरविणे कठीण. म्हणून पूर्वतयारी आवश्यक आहे.

आवरण आणि आशय

फाइलच्या नावाअखेरचे ‘एमपी४’ हे केवळ आवरणाचे नाव आहे. आत चित्र व ध्वनी ठराविक पद्धतीने संक्षिप्त करून साठविलेले असतात. या पद्धतीस ‘कोडेक’ म्हणतात. २००३ मध्ये प्रमाणित झालेला ‘एच.२६४’ हा कोडेक बहुतेक उपकरणांना उलगडतो. २०१३ मधील ‘एच.२६५’ कमी जागा घेतो. मात्र अनेक जुन्या उपकरणांना तो उलगडत नाही. म्हणूनच नावाअखेरची अक्षरे तीच असूनही एक फाइल चालते व दुसरी चालत नाही. चित्र दिसते पण आवाज येत नाही, याचे कारणही बहुधा ध्वनीचा कोडेक हेच असते.

रूपांतराची रीत

‘हँडब्रेक’ या विनामूल्य प्रणालीने हे रूपांतर करता येते. आवरण ‘एमपी४’, चित्रासाठी ‘एच.२६४’ व ध्वनीसाठी ‘एएसी’ निवडावे. चित्राचा आकार उपकरणाच्या पडद्यास अनुरूप असावा. २००५ मधील आयपॉडचा पडदा ३२० बाय २४० बिंदूंचा होता; आजच्या टॅबसाठी १२८० बाय ७२० बिंदू सामान्यतः पुरेसे होतात. सेकंदास २० लाख बिट या वेगाने १० मिनिटांची चित्रफीत सुमारे १५० मेगाबाइट जागा घेते.

प्रत्येक रूपांतरात चित्राचा काही तपशील कायमचा गळतो. म्हणून मूळ फाइल जपून ठेवावी आणि प्रत्येक नवे रूपांतर तिच्यावरूनच करावे. लहान चित्र मोठे केल्याने गेलेला तपशील परत येत नाही. मराठी उपशीर्षके काही उपकरणांवर विस्कळीत दिसतात; ती रूपांतराच्या वेळीच चित्रात कायमची उमटवून घ्यावीत.

उतरविताना

‘फॅट३२’ पद्धतीने सिद्ध केलेल्या पेन ड्राइव्हवर ४ गिगाबाइट वा त्याहून मोठी फाइल मावत नाही, मग जागा कितीही मोकळी असो. ‘एक्सफॅट’ पद्धतीस ही मर्यादा नाही, परंतु काही जुने दूरचित्रवाणी संच ती ओळखत नाहीत. अशा वेळी चित्रफितीचे भाग पाडावेत. फाइलचे नाव आखूड व रोमन अक्षरांत ठेवावे. उतरविणे पूर्ण झाल्यावर संगणकास सूचना देऊनच पेन ड्राइव्ह काढावा. घाईने काढल्यास फाइल अपुरी राहते.

अखेरची आणि सर्वांत महत्त्वाची दक्षता अशी की, ज्या संचावर चित्रफीत दाखवावयाची, त्याच संचावर ती आदल्या दिवशी आरंभापासून अखेरपर्यंत आवाजासह चालवून पाहावी. संगणकावर चालली म्हणजे संचावर चालेलच असे नाही. ग्रामसेवक व शिक्षक यांनी एवढी काळजी घेतली, तर सभेस आलेल्या ग्रामस्थांचा वेळ वाया जाणार नाही.