तुरट मायफळातली साखर

गंगाखेडच्या बाजारात काष्ठौषधींच्या दुकानात बाळगुटीचे सामान मागितले, की हिरडा, वेखंड, मुरुडशेंग यांच्याबरोबर मायफळही पुडीत येते. (पहिले सहा महिने बाळाला आईच्या दुधाखेरीज काही देऊ नये, असे आज बालरोगतज्ज्ञ सांगतात; आम्हालाही तेच पटते.) मायफळ हे मुळात फळ नाहीच. ती ओक वृक्षावर आलेली गाठ आहे. हा ओक गोदाकाठचा नव्हे, तुर्कस्तान-इराणकडचा. गांधीलमाशीच्या कुळातला एक चिमुकला कीटक त्याच्या कोवळ्या फांदीत अंडे घालतो आणि झाड अळीभोवती गाठ वाढवते. मायफळाला बारीक भोक दिसले, तर आतला कीटक उडून गेला असे समजावे.

मायफळ जिभेला लावले की जीभ ओढल्यासारखी होते. हे काम टॅनिनचे. ते लाळेतल्या प्रथिनांना धरून ठेवते, त्यामुळे लाळेचा बुळबुळीतपणा जातो. पाला खाणाऱ्या अनेक प्राण्यांना हाच तुरटपणा नकोसा होतो.

गंमत अशी, की या तुरटपणाची सुरुवात साखरेने होते! टॅनिनचा कच्चा माल म्हणजे गॅलिक आम्ल. त्याचे सुटे रेणू प्रथिनांना नीट पकडू शकत नाहीत. अनेक रेणू एकत्र बांधायला खुंटी हवी, आणि ती खुंटी म्हणजे ग्लुकोजचा रेणू. पण हे दोन रेणू नुसते शेजारी आले म्हणून जुळत नाहीत. जोडणीला ऊर्जा लागते. म्हणून झाड ग्लुकोजला आधी यूडीपी नावाच्या वाहकावर बसवते. त्या बंधात ऊर्जा साठलेली असते. मग एक विकर हमालासारखे ग्लुकोजला वाहकावरून उतरवते आणि गॅलिक आम्लाला जोडते. पुढे त्याच खुंटीवर गॅलिक आम्लाचे आणखी चार रेणू चढतात. ते अशाच दुसऱ्या जोड्यांकडून येतात आणि त्या जोड्यांमधली साखर पुन्हा सुटी होते. काटकसर पाहा!

हे विकर घडवणारे जनुक मायफळाच्या ओकाच्या एका युरोपीय भाऊबंदात सापडले. जर्मनीतील हाले येथील संशोधकांनी २०१४ साली त्याचे वर्णन प्रसिद्ध केले, नाव यूजीटी८४ए१३. ते जनुक त्यांनी जिवाणूत घातले, तर जिवाणूने बनवलेले विकरही गॅलिक आम्लाला ग्लुकोज जोडू लागले.

वर्गात मायफळाची पूड पाण्यात उकळून गाळावी आणि त्यात हिराकसाच्या पाण्याचे थेंब टाकावेत. हवा लागताच मिश्रण निळसर काळे होत जाते. युरोपात कित्येक शतके अशीच शाई करीत. मायफळ महाग वाटले, तर हिरडाही चालेल.