कोरड्या हिवाळ्यातील ओल

आषाढ-श्रावणात कपाटातील वहाणांवर बुरशी चढावी, पापड सादळावेत, मिठाच्या बरणीत पाणी सुटावे आणि ग्रंथांच्या बांधणीला कुबट वास यावा, हा आम्हां किनारपट्टीवरील लोकांचा पिढ्यान्‌पिढ्यांचा अनुभव. ओल हा आमचा शत्रू. त्याला घराबाहेर कसे ठेवावे एवढीच आमची विवंचना. हवेत ओल पुरेशी नाही म्हणून कोणी हवालदिल व्हावे, हे आम्हांस एरव्ही थट्टेचेच वाटले असते. परंतु गेल्या पौषात इंग्लंडमधील स्विंडनहून आम्हांस जे पत्र आले, ते थट्टेचे खचितच नव्हते.

पत्रलेखक आमच्या वाड्यावरील एका दिवंगत तारवटीचा मुलगा. वडिलांनी उमेदीची वर्षे बोटीवर काढली व उतारवयात ते मुलाकडे स्विंडनला जाऊन राहिले. हवानाहून आणलेली सिगारांची एक पेटी त्यांनी जिवापाड जपली होती. वर्षातून एकदाच, नाताळच्या रात्री, परसात उभे राहून ते त्यातील एक सिगार ओढीत. पेटी जिन्याखालच्या थंड कोनाड्यात असे. वडील गेल्यावर मुलाने ती भक्तिभावाने दिवाणखान्यात, त्यांच्या तसबिरीखाली आणून ठेवली. त्या फळीच्या खालीच खोली उबदार ठेवणारा रेडिएटर. वर्षश्राद्धाच्या दिवशी झाकण उघडले, तो उरलेल्या अकरांपैकी चार सिगारांची साले उभी चिरलेली.

यात मुलाची हयगय नव्हती; दोष हवेच्या गणिताचा. बाहेर तापमान शून्य अंश असता हवा ऐंशी टक्के आर्द्र असली, तरी एक घनमीटर हवेत बाष्प असते जेमतेम चार ग्रॅम. तीच हवा घरात शिरून २२ अंशांपर्यंत तापली की तिच्यात सुमारे एकोणीस ग्रॅम बाष्प मावू शकते. बाष्प तेवढेच, सामावून घेण्याची शक्ती चौपट. म्हणजे सापेक्ष आर्द्रता वीस टक्क्यांवर येते. अशी तहानलेली हवा ओठांतून, लाकडातून, तंबाखूच्या पानातून, जिथे मिळेल तिथून ओल ओढून घेते. आमच्याकडे हिवाळ्यातही समुद्राचा वारा आहे आणि भिंतींना रेडिएटर नाहीत, म्हणून आम्ही यातून सुटलो आहोत.

सिगारचे अंग तीन थरांचे. आत भरण, त्याला बांधून ठेवणारे पान आणि सर्वांत वर नितळ, पातळ वेष्टन. पहिला मार खाते ते वेष्टन. विड्याची पाने ओल्या फडक्यातून काढून वाऱ्यावर ठेवली तर काय होते, हे आमच्या वाचकांस सांगावयास नको. ओलीबरोबर पानातील सुगंधी तेलेही उडू लागतात. ती गेली की परत येत नाहीत.

आम्ही स्वतः तंबाखूस शिवत नाही. ती देहाचा घात करते याविषयी आमच्या मनात शंका नाही, आणि गोव्याने १९९७ सालीच सार्वजनिक ठिकाणच्या धूम्रपानाविरुद्ध कायदा केला याचा आम्हांस संतोष वाटतो. तरीही या पानाशी आमचा संबंध जुना आहे. पोर्तुगीजांच्या गलबतांतून ब्राझीलची तंबाखू गोव्यात उतरे व तिचा मक्ता राजाच्या हाती असे. तमिळ ‘सुरुट्टु’, पोर्तुगीज ‘शारूतु’ आणि आमचा ‘चिरूट’ ही तिन्ही एकाच वळकटीची नावे. शिवाय क्यूबातील सिगार वळणाऱ्या कामगारांविषयी आमच्यासारख्या वृत्तपत्रव्यवसायी माणसाच्या मनात एक हळवा कोपरा आहे. १८६५ पासून हवानाच्या कारखान्यांत, हात पाने वळीत असता, एक वाचक उच्चासनावर बसून वृत्तपत्रे व ग्रंथ मोठ्याने वाचून दाखवू लागला. त्याचा पगार कामगार आपल्या खिशातून देत. होसे मार्ती १८९१ साली फ्लोरिडातील टँपा येथे स्वातंत्र्यासाठी साहाय्य मागावयास गेला, तो याच कामगारांकडे. आणि १८९५ च्या उठावाचा हुकूम एका सिगारमध्ये वळून क्यूबात पोचविला गेला, असे सांगतात. अशा हातांचे काम रेडिएटरपायी वाया जावे, हे आम्हांस बरे वाटले नाही. म्हणून जाणकारांस विचारून आम्ही मुलाला सविस्तर उत्तर धाडले.

पेटी प्रथम त्या फळीवरून हलव. जिन्याखालचा कोनाडाच योग्य होता. आतील आर्द्रता पासष्ट ते सत्तर टक्क्यांच्या दरम्यान स्थिर असावी. पेटीतील काट्यावर डोळे मिटून विश्वास ठेवू नकोस. बाटलीच्या झाकणात मीठ घेऊन ते ओल्या वाळूइतके भिजव आणि काट्यासह हवाबंद पिशवीत दिवसभर ठेव. संपृक्त मिठावरील हवा पंचाहत्तर टक्क्यांवर स्थिरावते. काटा सत्तर दाखवील तर तो पाचाने खोटा, हे ध्यानात ठेव. नळाचे पाणी वापरू नकोस, त्यातील क्षार साचतात. डिस्टिल्ड पाणीच घ्यावे. आज ओल देणाऱ्या आणि जास्त झाल्यास शोषून घेणाऱ्या क्षारद्रावणाच्या पुड्या मिळतात, त्या अधिक सोयीच्या. सफरचंदाची फोड ठेवण्याचा सल्ला कोणी देईल. त्याने बुरशी येते.

पेटीच्या लाकडाचाही विसर पडू नये. त्याला ‘स्पॅनिश सीडर’ म्हणतात. वस्तुतः ते देवदाराच्या जातीचे नव्हे, तर कडुनिंब व महोगनी यांच्या कुळातले, आमच्या तुणीचे जवळचे आप्त. हे लाकूड ओल पिते व गरजेला परत देते. परंतु आता ते स्वतःच सुकलेले आहे. आधी सिगारी बाजूला काढून रिकाम्या पेटीतच काही दिवस ओल द्यावी, नाहीतर पानांच्या वाट्याची ओल लाकूडच पिऊन टाकील.

सर्वांत अवघड पथ्य धीराचे. सुकलेल्या सिगारला एकदम भरपूर ओल दिली तर आतले भरण भराभर फुगते आणि सुकलेले वेष्टन फाटते. जी वाचली असती तीही जाते. आरंभी साठ-बासष्ट टक्के, मग काही आठवड्यांनी पासष्ट. आणि रोज झाकण उघडून पाहण्याचा मोह टाळावयाचा. उपाशी माणसाला पहिल्या दिवशी पेजच देतात, पंक्तीचे जेवण वाढीत नाहीत.

माघाच्या अखेरीस त्याचे दुसरे पत्र आले. काटा चौसष्टावर आहे, उरलेल्या सात बोटांनी दाबल्यास किंचित नमतात, चिरलेल्या चार त्याने वेगळ्या कागदात गुंडाळून ठेवल्या आहेत. येत्या मे महिन्यात गावी येताना पेटी बरोबर आणू का, असे त्याने विचारले आहे. आणू नकोस, असेच आम्ही त्यास कळविले. चोविसाच्या वर पारा गेला की पानात दडलेली भुंगेऱ्याची अंडी उबतात, आणि आमच्या मे महिन्यात रात्रीसुद्धा पारा त्याखाली उतरत नाही.