बाइंड केलेला वेताळ

मराठी मध्यमवर्गीय घरात एखादी गोष्ट ‘बाइंड करून घेतली’ की तिची जात बदलते. एरवी महिनाअखेरीस रद्दीवाल्याच्या तराजूत पडायचा तो कागद एकदम कुटुंबातला सदस्य होतो. पोथ्या, निवडक दिवाळी अंक, साप्ताहिकांतून कापून ठेवलेल्या क्रमशः कादंबऱ्या, रांगोळ्यांची कात्रणे, अशा कितीतरी गोष्टींना आपल्या आईवडिलांनी पुठ्ठ्याचे कवच घालून कपाटात कायमची जागा दिली. त्याच कपाटाच्या सर्वांत खालच्या फळीवर, म्हणजे लहान मुलाचा हात पोहोचेल अशा उंचीवर, काही घरांत आणखी एक रांग असे. जाड पुठ्ठा, काळी किंवा तांबडी रेक्झिनची पाठ, आणि तिच्यावर शाईने लिहिलेले ‘वेताळ १’, ‘वेताळ २’, ‘मॅन्ड्रेक’. आतमध्ये इंद्रजाल कॉमिक्सचे दहा-बारा अंक एकत्र शिवलेले. अंधेरी, बोरिवली, घाटकोपर, मुलुंड या पट्ट्यात असे खंड जपणारी माणसे आजही आहेत. मी त्यांच्यातलाच एक.

बँकेत अधिकारी म्हणून उभी हयात गेलेल्या आणि सवडीने कादंबऱ्या लिहिणाऱ्या माणसाने साठी उलटल्यावर चित्रकथा गोळा कराव्यात, याचे आमच्या घरी आता कोणाला आश्चर्य वाटत नाही. बाहेरच्यांना वाटते. ‘तुम्ही अजून ते वाचता?’ असा प्रश्न येतो. वाचतो तर खरेच. पण या खंडांत वाचण्यासारखे जे आहे ते केवळ छापलेल्या चौकटींत नाही, असे मला वाटते.

अमेरिकेत सुपरहिरोंच्या जुन्या चित्रकथांना पुठ्ठा घातला तो प्रकाशकांनी. सुपरमॅन १९३८ साली अवतरला, बॅटमॅन १९३९ साली. परंतु त्यांच्या जुन्या कथा निवडून प्रस्तावनेसह जाडजूड ग्रंथ काढण्याची कल्पना यायला १९६५ साल उजाडले. त्या वर्षी व्यंगचित्रकार ज्यूल्स फायफर यांनी ‘द ग्रेट कॉमिक बुक हीरोज’ हा संग्रह सिद्ध केला. १९७१ साली सुपरमॅन आणि बॅटमॅनचे स्वतंत्र ग्रंथ आले, १९८७ पासून मार्व्हलची आणि १९८९ पासून डीसीची देखणी ग्रंथमाला सुरू झाली. आज तिकडचे शौकीन हे ग्रंथही जुन्या वाइनसारखे जमवतात.

आपल्याकडे मात्र प्रत्येक घरानेच आपापला ग्रंथ केला. म्हणूनच इथले दोन खंड कधीही सारखे नसतात. कोणी क्रमांकाप्रमाणे शिवले, कोणी नायकाप्रमाणे वेगळे काढले. एका घरात मराठी आणि इंग्रजी अंक शेजारी शेजारी नांदतात, तर दुसऱ्या घरात मधल्या एका अंकाचे मुखपृष्ठ नाही, कारण ते धाकट्याने कापून वहीवर चिकटवले. छापलेला मजकूर हजारो प्रतींचा, पण खंड एकुलता एक.

इंद्रजालचा जन्म मुंबईचाच. टाइम्स ऑफ इंडियाच्या बेनेट, कोलमन कंपनीने मार्च १९६४ मध्ये ही मालिका काढली. किंमत साठ पैसे. पुढे ‘अमर चित्र कथा’ उभी करणारे अनंत पै त्या वेळी टाइम्समध्येच होते आणि इंद्रजालच्या उभारणीत त्यांचा हात होता. १९६७ साली त्यांनी आपली वेगळी वाट धरली. पहिले बत्तीस अंक फक्त वेताळाचे होते. मग मॅन्ड्रेक आला, फ्लॅश गॉर्डन आला, रिप किर्बी आणि बझ सॉयर आले. १९७६ साली अस्सल देशी बहादूर अवतरला. भगवा कुडता आणि जीन्स घालणारा, डाकूच्या पोटी जन्मून डाकूंशीच लढणारा हा नायक आबिद सुरती यांनी लिहिला आणि गोविंद ब्राह्मणिया यांनी चितारला. हेच सुरती पुढे २००७ पासून मीरा रोडच्या इमारतींत घरोघर जाऊन गळके नळ फुकट दुरुस्त करवून घेऊ लागले. बहादूरच्या निर्मात्याला हे शोभतेच. मासिक म्हणून सुरू झालेली इंद्रजाल मालिका पाक्षिक झाली, साप्ताहिक झाली आणि १९९० साली बंद पडली. एकूण अंक आठशेच्या वर.

वेताळ हा मूळचा अमेरिकेचा ‘फँटम’. ली फॉक यांनी तो १७ फेब्रुवारी १९३६ रोजी वर्तमानपत्रातल्या रोजच्या चित्रपट्टीत आणला, म्हणजे सुपरमॅनच्याही दोन वर्षे आधी. अंगाला चिकटलेला पोशाख, डोळ्यांवर मुखवटा आणि त्यातून न दिसणारी बुबुळे हा सुपरहिरोंचा गणवेश त्यानेच प्रथम घातला. गोष्ट अशी, की १५३६ साली समुद्री चाच्यांच्या हल्ल्यातून वाचलेल्या एका तरुणाने बापाच्या मारेकऱ्याच्या कवटीवर हात ठेवून अन्यायाविरुद्ध लढण्याची शपथ घेतली. तेव्हापासून बापामागून मुलगा तोच पोशाख चढवतो. आपण वाचतो तो एकविसावा. जंगलातल्या लोकांना वाटते, हा एकच पुरुष, चारशे वर्षे न मरणारा.

मूळ कथेतला मुलूख ‘बेंगाला’ आणि पिढीजात वैरी ‘सिंग’ चाचे. भारतीय वाचकांची मने दुखावू नयेत म्हणून इंद्रजालने त्यांचे ‘डेंकाली’ आणि ‘सिंगा’ केले. पण खरी करामत नायकाच्या बारशात आहे. फँटमला ‘वेताळ’ म्हणणाऱ्याला मी मनोमन नमस्कार करतो. भुताचे नाव दिले असे वरवर वाटते. परंतु आमच्या चाळीतल्या सिंधुदुर्गकडच्या आज्यांना त्यात काही भयंकर वाटले नाही. वेंगुर्ले तालुक्यातल्या आरवलीचा वेतोबा त्यांचा घरचा. तो रात्री गावाच्या रक्षणाला फेरी मारतो, चालून चालून त्याच्या वहाणा झिजतात, म्हणून भाविक त्याला भल्यामोठ्या चामडी चपला वाहतात. गोव्यात आमोण्यालाही बेताळाचे देऊळ आहे. दिसत नाही पण असतो, मरत नाही आणि दुर्जनांना सोडत नाही, हे सगळे आमच्या वेताळाच्या अंगी आधीपासूनच होते. न्यूयॉर्कहून निघालेला पाहुणा कोकणात आपल्याच घरी उतरावा, तसे झाले.

आता बांधणीविषयी. इंद्रजालचा अंक म्हणजे मध्ये दोन पिना मारलेली बत्तीस-एक पाने. मुंबईच्या दमट हवेत पिना दोन पावसाळ्यांत गंजतात आणि गंज भोवतालचा कागद खातो. चांगला बाइंडर प्रथम पिना उपटून काढी, प्रत्येक अंकाचे एक जुज धरून दोऱ्याने शिवी, मैद्याच्या खळीत मोरचूद घाली म्हणजे कसर लागत नाही, मग शिकंज्यात आवळून कडा कापी आणि आतून अबरी कागद चिकटवी. वाईट बाइंडर दाभणाने आरपार भोके पाडून आडवी शिलाई मारी. त्या शिलाईत आतल्या बाजूची अर्धी चौकट गडप होई आणि खलनायक काय म्हणाला ते कायमचे गुलदस्त्यात राही.

उपनगरात चांगले बाइंडर कोण, याचे उत्तर बँकवाल्यांना ठाऊक होते: बँकेचा दफ्तरी. संगणक येण्यापूर्वी रोजची व्हाउचरे रोज शिवून ठेवावी लागत. रिझर्व्ह बँकेचा तपासनीस दहा वर्षांनी आला तरी पान सुटता कामा नये, अशी ती शिलाई. आमच्या शाखेतले दफ्तरी शनिवारी अर्धा दिवस संपला की स्टेशनरीच्या खोलीत बसून स्टाफच्या मुलांचे अंक बांधून देत. त्यामुळे आमच्यापैकी अनेकांच्या वेताळाची पाठ आणि बँकेच्या लेजरची पाठ सारखीच दिसते. तेरा अंकांचा एक खंड, म्हणजे पाक्षिकाचे बरोबर अर्धे वर्ष आणि चारशेच्या आसपास पाने. याहून जाड खंड उघडताना पाठ मोडते.

बाजारात मात्र या खंडांना मान नाही. हे फार थोड्या घरांना माहीत असते. संग्राहकाला सुटा अंक हवा असतो: मूळ पिना, न कापलेल्या कडा, मागच्या मुखपृष्ठासह. बांधलेल्या अंकाच्या कडा कापलेल्या, पिना गेलेल्या. त्याची किंमत घसरते. तरीही दुर्मीळ क्रमांक असला तर विक्रेता खंड घेतो, ब्लेडने शिलाई कापतो आणि अंक एकेक करून विकतो. त्यात मराठी अंक इंग्रजीपेक्षा क्वचित हाती लागतात. मुलांनी ते वाचून वाचून संपवले, हे त्याचे साधे कारण असावे.

दोन वर्षांपूर्वी मला हा व्यवहार जवळून पाहावा लागला. मुलुंडला राहणारा माझा एक सहकारी वारला. त्यानंतर वर्षभरात त्यांची इमारत पुनर्विकासाला गेली. तीन वर्षे भाड्याच्या घरात जायचे, तेही दोन खोल्यांच्या. माळा रिकामा करताना वेताळाचे एकोणीस खंड खाली आले. एका विक्रेत्याने ते पाहून आकडा सांगितला. वहिनींनी मला फोन केला, ‘‘भावोजी, तुम्ही गहाण मालाचे मूल्यांकन करायचात ना? या आणि सांगा, आकडा बरोबर आहे का.’’

आकडा बरोबर होता. नव्या घरातली दोन कपाटे त्यात आली असती. मी तसे सांगितले. विक्रेता खंड कापून विकेल, हेही सांगितले. वहिनी काही बोलल्या नाहीत. त्यांनी पहिला खंड उघडला. माझ्या मित्राने प्रत्येक खंडाच्या सुरुवातीला लेजरच्या कागदावर अनुक्रमणिका लिहिली होती: क्रमांक, कथेचे नाव, कोठे मिळाला, काय किंमत दिली. ‘अंधेरी स्टेशन, व्हीलर.’ ‘किंग्ज सर्कल फुटपाथ.’ ‘घाटकोपर रद्दी, दोन अंक मिळून एक रुपया.’ एका ओळीत नुसते ‘लग्नाआधी हिने दिला’ आणि किमतीच्या रकान्यात आडवी रेघ.

पुढच्या एका खंडात १२३ आणि १२४ या क्रमांकांपुढे जागा कोरी सोडलेली. हे दोन अंक त्याने कित्येक वर्षे शोधले. माटुंग्याच्या फुटपाथवर मी त्याच्याबरोबर उन्हात उभा राहिलो आहे. तेरीज जुळेना की बँकवाल्याला झोप लागत नाही. शेवटी जाणत्या संग्राहकांकडून कळले, की ते दोन अंक संपामुळे छापलेच गेले नव्हते. त्याने तांबड्या शाईने त्या ओळींपुढे एकच शब्द लिहिला होता: ‘निरंक’. खाली तारीख आणि बँकेतली त्याची लघुसही.

वहिनींनी खंड मिटला आणि म्हणाल्या, ‘‘सुटे अंक आहेत ते त्यांना देऊन टाका. हे माझ्याबरोबर येतील.’’ मी म्हटले, जागा? ‘‘सोफा देऊ की. सोफ्यावर कुणी काही लिहिलेलं नाही.’’

एका जुन्या इमारतीमागून दुसरी पडते आहे आणि दर इमारतीबरोबर शेकडो माळे रिकामे होत आहेत. त्याआधी २६ जुलै २००५ च्या पावसाने, सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर कोसळला तेव्हा, तळमजल्यांवरची किती कपाटे गिळली त्याची मोजदाद नाही. मी ज्या वाचनालयांचा सभासद होतो त्यांच्या दाखल रजिस्टरात कॉमिक्सची नोंदच होत नसे. ती ‘वाचून परत’ करायची वस्तू होती. म्हणजे आमच्या पिढीच्या बालपणाचा हा वाचनव्यवहार टिकला असेल तर तो केवळ अशा घरगुती खंडांतून. सुटा अंक सांगतो, काय छापले गेले. बांधलेला खंड सांगतो, ते कोणी, कुठून आणि कोणत्या ऐपतीत घरी आणले.

म्हणून वाचकहो, तुमच्याही घरचा माळा उतरणार असेल तर एवढे करा. खंड वजनावर घालण्यापूर्वी पहिले आणि शेवटचे पान उघडून बघा; नावे, तारखा, किमती तिथेच असतात. खंड उन्हात वाळत घालू नका, शाई उडते. सावलीत, पंख्याखाली पाने मोकळी करा. प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधू नका, आत दमट होऊन बुरशी धरते. सुती कापडात गुंडाळा आणि आडवे ठेवा. विकायचेच असतील तर जरूर विका, त्यात कमीपणा काही नाही. पण अनुक्रमणिकेचे पान तेवढे काढून घ्या. विक्रेत्याच्या दृष्टीने त्याची किंमत शून्य असते, तो आनंदाने देईल.

आणि ठेवायचे असतील तर सर्वांत खालच्या फळीवर ठेवा. नातवंडांचा हात तिथपर्यंतच पोहोचतो.